फुकट मिळालं, असं लिहा

आमच्या नेरुळच्या देवळात सभामंडपात सहा पंखे आहेत आणि प्रत्येकाच्या तिन्ही पात्यांवर लाल ऑइलपेंटने देणाऱ्याचं नाव आहे. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, पण घाम येतो. पंखा सुरू झाला की वारा येतो आणि दाता नाहीसा होतो. एका दात्याच्या चिरंजीवांनी पुजारीबुवांकडे मागणी केली होती की आरतीआधी पाच मिनिटं तरी पंखा बंद ठेवावा. मागणी माफक होती, पण महिना मे होता.

दिलं हे सांगायला आपल्याकडे कधी कायदा लागला नाही. बागेतल्या बाकावर नाव, बसथांब्याच्या छपरावर नाव, देवळाच्या पायरीवर नाव. त्या नावांना पाय लागू नये म्हणून भाविक एक पायरी सोडून चढतात आणि उतारवयात गुडघ्याच्या डॉक्टरांची भर करतात. पाणपोईवर तीन पिढ्यांची नावं, खाली एक नळ, तो बंद. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले तर ते कोणाच्या प्रयत्नांतून बसले हे सांगणारा फ्लेक्स कधीकधी बसवलेल्या ब्लॉकांपेक्षा जास्त जागा अडवतो. गणपतीत मंडळाचा निवेदक 'आजचा महाप्रसाद अमुक ज्वेलर्स यांच्या सौजन्याने' हे आरतीआधी एकदा सांगतो, आरतीनंतर एकदा सांगतो आणि मधे माइक खरखरला तर तो तपासायला पुन्हा एकदा सांगतो. लग्नात आहेराच्या टेबलाशी वही घेऊन बसलेले काका तर या क्षेत्रातले महालेखापाल. 'स्टीलचा डबा, पाच किलोचा, झाकण सैल, विरारचे मामा' ही नोंद त्या वहीत एकदा पडली की मामांच्या मुलाच्या लग्नात तितक्याच किलोचा, तितक्याच सैल झाकणाचा डबा जातो.

एवढी शिस्त अंगात असलेल्या देशात सरकारला वेगळा नियम काढावा लागला, की बाबांनो, एखादी वस्तू फुकट घेऊन तिची तारीफ करत असाल तर फुकट घेतली हे आधी सांगा. कारण मधल्या काळात देणाऱ्याची जात बदलली. जुना देणारा म्हणायचा, पंखा घ्या आणि माझं नाव मोठ्या अक्षरात घाला. नवा देणारा म्हणतो, पंखा घ्या, वारा किती छान लागतो ते तोंड भरून सांगा, फक्त मी दिला हे तेवढं बोलू नका. जुन्याला पुण्य हवं होतं, नव्याला खप हवा आहे. पुण्य नाव घेतल्याने वाढतं, पण स्तुती विकत घेतलेली आहे हे कळलं की तिचा भाव उतरतो.

सुरुवात अमेरिकेतून झाली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 साली आपली जुनी मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, फुकट वस्तू घेऊन तिच्यावर लिहिणाऱ्या ब्लॉगवाल्यांनाही त्यांत ओढलं आणि 1 डिसेंबरपासून ती लागू केली. त्या काळी आपल्याकडे मराठी ब्लॉग लिहिणाऱ्याला कोणी फुकट चहासुद्धा पाजत नव्हतं. घरचे पाजायचे, तेही लिहिणं थांबवून दळण आणण्याच्या बोलीवर.

आपल्याकडे पहिलं पाऊल सरकारने टाकलं नाही, जाहिरातवाल्यांनीच टाकलं. जाहिरात धंद्याने स्वतःवर नजर ठेवायला 1985 साली स्वतःच एक संस्था काढली, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे 'आस्की', मुक्काम मुंबई. तिने 27 मे 2021 रोजी इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियमावली काढली आणि 14 जूनपासून ती लागू केली. मुहूर्त अचूक होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते, अर्धा देश घरात बसून केक करत होता आणि उरलेला अर्धा त्याचे व्हिडिओ पाहत होता.

ती नियमावली मी वाचली आहे आणि ती लिहिणाऱ्याबद्दल मला आदर आहे. त्याला माणसं कळतात. लपवणारा कुठे कुठे लपवेल याचा त्याने चोराइतक्याच बारकाईने विचार केला आहे. जाहिरात असल्याचा शब्द दिसायला 'आणखी पाहा' दाबावं लागता कामा नये. तो हॅशटॅगच्या गर्दीत ढकलता कामा नये. पंधरा सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ असेल तर शब्द किमान तीन सेकंद दिसला पाहिजे. त्यापुढे दोन मिनिटांच्या आतला असेल तर व्हिडिओच्या एक तृतीयांश वेळ. दोन मिनिटं किंवा जास्त असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर सतत. थेट प्रक्षेपण असेल तर सुरुवातीला आणि शेवटी जाहीर सांगायचं. गणेश मंडळाचा निवेदक ही शेवटची अट कोणी न सांगता वर्षानुवर्षं पाळत आला आहे. आणि एक तृतीयांशाची अट वाढदिवसाच्या फ्लेक्सला लावली तर आपले स्थानिक नेते कायद्याच्या कितीतरी पुढे निघतील.

मग सरकार आलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 24 जुलै 2020 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं होतंच. 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 20 जानेवारी 2023 रोजी ग्राहक व्यवहार विभागाने खास नामवंत, इन्फ्लुएन्सर आणि संगणकाने घडवलेले आभासी इन्फ्लुएन्सर यांच्यासाठी एक पुस्तिका काढली. तिचं नाव 'एन्डॉर्समेंट्स नो-हाऊज!' शेवटचं उद्गारचिन्ह माझं नाही, शासनाचं आहे. सरकारी कागदाच्या शीर्षकात उद्गारचिन्ह मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी सरकारी कागद वाचून ते आपण काढतो.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, शिवाय अशी शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिफारसबंदी. ही शेवटची शिक्षा कौटुंबिक पातळीवर आणता आली तर बरं होईल. आमच्या एका आत्यांनी सुचवलेली स्थळं, आयुर्वेदिक तेलं आणि प्लॉट यांचा इतिहास पाहता त्यांना पहिल्याच खेपेला तीन वर्षं द्यायला हरकत नाही.

नवी मुंबई या नियमासाठी जणू बांधूनच ठेवली होती. सिडकोने 1970 पासून सेक्टर आखले, प्रत्येक सेक्टरला दुकानांची रांग दिली, रांगेत कॅफे आले आणि प्रत्येक कॅफेसमोर फोन आडवा धरलेली एक व्यक्ती आली. खारघरमध्ये तर जेवायला आलेला कोण आणि चित्रीकरणाला आलेला कोण हे वेटरलाच कळतं. तो एक साधी खूण पाहतो: ताट आल्यावर जो लगेच खातो त्याला बिल द्यायचं.

माझी भाची खारघरला राहते आणि हे काम करते. एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. पदार्थ होता चीज बर्स्ट वडापाव. टेबलावर गोल दिवा लावला, तिच्या मित्राने दुसरा दिवा हातात धरला आणि मला 'मामा, तू फ्रेममध्ये येतोयस' म्हणून कुंडीशेजारी बसवलं. वडापाव मधून उघडायचा आणि चीजची तार हातभर लांब निघाली पाहिजे, हा मुख्य प्रसंग. पहिल्यांदा तार निघाली तेव्हा मागून कोणीतरी पाणीपुरीचं पार्सल घेऊन गेलं. दुसऱ्यांदा निघालीच नाही, चीज तोवर गार होऊन पावाला प्लास्टिकसारखं चिकटलं होतं. मालकाने तो वडा आत नेऊन गरम करून आणला. मग दुसरा आणला, मग तिसरा. ज्या तारेवर शेवटी पसंतीचं शिक्कामोर्तब झालं ती आतून लाकडाच्या काडीने वर ढकलून काढली होती आणि वड्यातून वाफ केव्हाच गेली होती. वाफ मालकाच्या भावाने टेबलाखाली चहाचा उकळता कप धरून पुरवली. मग भाचीने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गाइज, गरमागरम!"

तो घास तिने नंतर कागदी रुमालात काढला. तिला चीज सोसत नाही.

रील छत्तीस सेकंदांचं झालं. हिशेबाने बारा सेकंद 'जाहिरात' दिसायला हवं. तिने नियम पाळला, असं ती म्हणते. पाचव्या सेकंदाला 'कोलॅब' हा शब्द बारीक पांढऱ्या अक्षरांत आला आणि नेमका मेयोनेजवर आला. तिथून तो सरकत खाली उजव्या कोपऱ्यात गेला, जिथे बदाम, बाण आणि तीन ठिपके आधीच दाटीवाटीने राहतात. खाली मजकुरात नवीमुंबईफूडी, खारघरडायरीज, वडापावलव्हर्स, मॉन्सूनक्रेव्हिंग्ज अशा वीसेक हॅशटॅगांची वरात होती आणि वरातीच्या शेवटी, बँडवाल्यांच्याही मागे, 'अ‍ॅड' चालत होता. आणि सगळं बोलणं मराठीत, चांगलं ठसकेबाज मराठीत. जाहिरातीची कबुली तेवढी इंग्रजीत. सरकारी पुस्तिका सांगते की शिफारस ज्या भाषेत, कबुलीही त्याच भाषेत हवी. मी हे सांगितलं तर भाची म्हणाली, "मामा, 'जाहिरात' लिहिलं की अगदी जाहिरातच वाटते ना रे."

तिचा दुसरा युक्तिवाद असा, की वडापाव फुकट मिळाला म्हणून मत बदललं नाही, मनापासूनच आवडला. नियमावलीने हेही धरलं आहे. मत शंभर टक्के स्वतःचं असलं तरी लागेबांधे सांगायचेच. आणि लागेबांध्यांची यादी मोठी कडक आहे. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, पुरस्कार हे तर आहेच. वस्तू तुम्ही मागितली नव्हती, कंपनीने परस्पर घरी पाठवली, तरी सांगायचं. आणि शेवटी येतं ते कौटुंबिक किंवा वैयक्तिक नातं. इथे मला वाटतं नियम करणाऱ्याने महाराष्ट्राचा पुरेसा अभ्यास केला नव्हता. आपल्याकडे वस्तू विकणारा आणि घेणारा दहा मिनिटं बोलले की नातं निघतंच. 'म्हणजे तुम्ही संगमेश्वरकडचे? मग तुमची चुलत आजी...' इथवर आलं की पुढचं प्रत्येक कौतुक कायद्याने जाहिरात ठरतं.

भाचीची एक मैत्रीण करावे गावातली, आगरी घरची. तिची वहिनी आगरी मसाला करून विकते. मिरच्या गच्चीवर वाळत घालण्यापासून सगळं या मुलीने दाखवलं आणि व्हिडिओच्या सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं, "ही माझी सख्खी वहिनी आहे, त्यामुळे मी चांगलंच बोलणार. वाईट बोलले तर घरी जेवण मिळायचं नाही." इतकी स्वच्छ कबुली मी कोणा क्रिकेटपटूकडून ऐकलेली नाही. मसाला दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. विशेष म्हणजे हिला पाकीट फुकट मिळत नाही. वहिनी नातं मानते, उधारी मानत नाही.

इन्फ्लुएन्सर म्हणजे कोण, हेही नियमांत लिहिलेलं आहे. ज्याचं म्हणणं ऐकणारे लोक आहेत आणि ज्याच्या अधिकारामुळे, ज्ञानामुळे किंवा नात्यामुळे त्यांची खरेदी बदलू शकते, तो. ही व्याख्या घेऊन मी आमच्या इमारतीत हिंडलो तर तिच्यात चपखल बसणारी एकच व्यक्ती सापडली, घरोघरी भांडी घासणाऱ्या मावशी. "ताई, तो निळा साबण नका आणू, हात फाटतात," असं त्या एका घरी म्हणाल्या की आठवड्याभरात सगळ्या मजल्यांवर साबण हिरवा होतो. मध्यंतरी एका नव्या पावडरवाल्या पोराने त्यांना गेटवर गाठून दोन पाकिटं फुकट दिली आणि सगळ्यांना सांगा म्हणाला. मावशींनी सगळ्यांना सांगितलं. "त्याने मला दोन पाकिटं फुकट दिली. फुकट वाटतो म्हणजे खपत नसणार. घेऊ नका." प्राधिकरणाला याहून आदर्श उदाहरण मिळायचं नाही.

खरं तर फुकट वस्तू घेऊन तिच्यावर लिहिण्याची प्रामाणिक रीत मराठीत जुनी आहे. मासिकांच्या शेवटच्या पानांवर 'साभार पोच' या मथळ्याखाली आलेल्या पुस्तकांची यादी छापायची, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. पुस्तक आलं, फुकट आलं, आभारी आहोत, पुढचं परीक्षण छापलं तर छापलं. 'परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात' अशी सूचनाही उघड असायची. एक प्रत परीक्षकाकडे जायची, दुसरी कचेरीत, आणि काही वर्षांनी दोन्ही 'सप्रेम भेट' लिहिलेल्या पानासकट रद्दीच्या दुकानात एकमेकींना भेटायच्या. परीक्षणाच्या खाली किंमत छापायची पद्धत मला नेहमी गमतीची वाटत आली, कारण ती न भरलेला सगळ्यांत ठळक माणूस तो परीक्षकच. पण फुकटच्या पुस्तकाने त्याची जीभ गोड झाली असं सहसा दिसलं नाही. उलट मुद्रणदोष पानांच्या क्रमांकांसह तोच मोजायचा. फुकट मिळालेल्या वडापावातला मुद्रणदोष अजून कोणी दाखवलेला नाही.

राजाश्रयाचीही आपल्याला लाज नव्हती. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. खर्च कोणाचा हे पहिल्या रांगेतल्या माणसाला माहीत होतं, कारण पहिल्या रांगेत तेच बसले असणार.

इथवर मी नियमांच्या बाजूने होतो. मग आयकर खातं आलं आणि करुणेचा विषय झाला. 2022 च्या अर्थसंकल्पातून 194आर नावाचं कलम आलं आणि 1 जुलैपासून लागू झालं. धंद्यापोटी वर्षाला वीस हजारांवर फुकट लाभ मिळाला तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा. इन्फ्लुएन्सरला मिळालेल्या वस्तूंचं काय, यावर प्रत्यक्ष कर मंडळाने 16 जून 2022 च्या परिपत्रकात खुलासा केला. गाडी, मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं वगैरे वस्तू काम झाल्यावर कंपनीला परत केली तर तो लाभ नाही. ठेवून घेतली तर लाभ. गाडी परत करता येते, मोबाइलही येतो, घागरासुद्धा ड्रायक्लीन करून देता येईल. पण सौंदर्यप्रसाधनं? सहा व्हिडिओंत ओठांवर फिरलेली लिपस्टिक एखादी मुलगी रीतसर पावती घेऊन परत करते आहे आणि कंपनीचा माणूस उरलेली लांबी पट्टीने मोजून घेतो आहे, हे दृश्य परिपत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर आलं असेल का, असा प्रश्न मला पडतो. खाण्याच्या पदार्थांचा उल्लेख त्या यादीत नाही. 'वगैरे'त ते येत नसावेत अशी आशा करू या.

आमच्या शेजारचे काका बेलापूरला सीए आहेत. साभार पोचवाल्या परीक्षकांना हे कलम लागलं असतं का, असं मी त्यांना विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "दोनशे रुपयांचं पुस्तक धरलं तर वर्षाला शंभराहून जास्त पुस्तकं लागतील. आणि करात कवितासंग्रह स्वीकारत नाहीत."

एवढ्या नियमांचा उपयोग किती झाला? आस्कीने देशातल्या आघाडीच्या डिजिटल चेहऱ्यांच्या पोस्ट तपासल्या तेव्हा अर्ध्याहून अधिक नापास निघाले. म्हणजे वर्गातली हुशार मुलंच नापास, मग मागच्या बाकांवरच्यांचं काय बोलायचं. पण मला खरा धक्का बसला तो पाहणाऱ्यांचा. शब्द दिसला की लोक सावध होतील, अशी सरकारची समजूत. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी फेस क्रीम मागवलं, कारण व्हिडिओवर स्पष्ट 'पेड पार्टनरशिप' लिहिलं होतं. "कंपनी पैसे देतेय म्हणजे कंपनी मोठी असणार. फुकटात बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतं?" यावर प्राधिकरणाकडे काय उत्तर आहे मला माहीत नाही. माझ्याकडे नाही.

पोरांनी मात्र हे काकूंच्या आधीच ओळखलं आहे. ज्याला कंपनी विचारते तो मोठा, म्हणून कोणी विचारत नसतानाही विचारल्यासारखं दाखवायचं. भाचीने गेल्या दिवाळीत सीवूड्सच्या मॉलमधून बूट घेतले, रांगेत उभी राहून, स्वतःच्या पैशांनी, सेलमध्ये. आणि त्यांचं रील टाकताना वर ठसठशीत लिहिलं, 'सहयोग'. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. नियमाची सगळी कलमं तिने त्या एका रीलमध्ये पाळली.

सीए काकांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिलं.

"बूट दिले कोणी?"

"कोणीच नाही काका. मीच घेतले."

"मग 'सहयोग' कोणाचा?"

"माझ्या डेबिट कार्डाचा."

"अगं, मग ही दिशाभूल झाली. काढ तो शब्द."

"आता कसा काढू? तीन दुकानांचे मेसेज आलेत, आमच्याशीपण सहयोग करा म्हणून."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "परत करायच्या बोलीवर की ठेवून घ्यायच्या?"